आईच्या मोबाइलवरचे ‘अखेरच्या दिवसांचे’ व्हिडिओ: एआय ओळखायचं कसं, आणि आईशी बोलायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही पुण्यात नोकरीला, आई वसईला गावच्या घरी एकटी. बाबा गेल्यापासून ती रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर मारियामातेचे ‘शेवटचे संदेश’ सांगणारं एक चॅनेल ऐकते. तीन दिवस जगावर काळोख पडणार, खिडकी उघडली तर सैतान आत येणार, म्हणून तिने मेणबत्त्यांचे पुडे आणून ठेवलेत. नातीचं आधार अपडेट करू नका म्हणते, कारण त्यात ६६६ आहे. दोनदा क्यूआर कोडवर पैसेही पाठवून झालेत. हे एआयने बनवलंय का, कसं ओळखायचं आणि तिला कसं समजवायचं, असं तुम्ही विचारता.

मी आयुष्यभर डबिंग आणि ध्वनिमुद्रणाचं काम केलं. आता वसईच्या धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या परिसरात, ज्येष्ठांसाठी मोबाइलचे वर्ग घेतो. तुमचा प्रश्न तिथे कुणी ना कुणी विचारतंच, फक्त आईच्या जागी कधी सासू असते, कधी स्वतः विचारणारा.

‘हे एआय आहे का?’ हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न, ‘याचा जाब कुणाला विचारायचा?’ फादर वेदीवरून काही चुकीचं बोलले तर मिस्सा (चर्चमधली उपासना) सुटल्यावर चर्चच्या पायरीवर त्यांना गाठता येतं. ‘सुवार्ता’ मासिकात काही पटलं नाही तर संपादकाच्या नावाने पत्र लिहिता येतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अनेक वर्षं त्याचे संपादक होते, वसईत त्यांच्याशी न पटणारे लोकही कमी नव्हते, पण शब्दामागे कोण उभा आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं. तुमच्या आईच्या कानात रात्री अकरा वाजता जो बोलतो, त्याचं नाव काय? गाव कुठलं? कुणाला माहीत नाही.

आता तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओकडे येतो. मी तो हेडफोन लावून ऐकला. निवेदक श्वासच घेत नाही. माणूस लांब वाक्याआधी हवा ओढतो, आणि आम्ही मंडळी ती कितीही कापत असलो तरी कुठे ना कुठे राहतेच. दोन वाक्यांच्या मधे खोली ऐकू येते, पंख्याची घरघर, लांबून जाणारी रिक्षा. इथे मधली शांतता म्हणजे निव्वळ शून्य. मग उच्चार. ‘जगाचा अंत’मधला ज तो ‘जीवा’तल्यासारखा म्हणतो, ‘चूक’मधला च ‘चिखला’तल्यासारखा. शाळेचं तोंड न पाहिलेली आपली म्हातारीसुद्धा ही गल्लत करत नाही, हिंदीच्या वळणाने शिकलेलं यंत्र करतं. आणि ‘योहान ३:१६’, म्हणजे बायबलातल्या योहानाचा तिसरा अध्याय, सोळावी ओवी, ती तर त्याने घड्याळात बघितल्यासारखं वाचलं, ‘योहान, तीन वाजून सोळा मिनिटं’. मी मोठ्याने हसलो. आईसमोर मात्र हसू नका, तिच्यासाठी तो आवाज गेले कित्येक महिने सोबतीला आहे.

या खुणा आज चालतात, उद्या चालणार नाहीत. एआयच्या चित्रात हाताला सहा बोटं शोधायचे दिवस गेलेच की. ओठ, सावल्या, श्वास, सगळं दर काही महिन्यांनी सुधारतंय. नुसत्या खुणांवर विसंबलात तर उद्या बरा आवाज आला की तुम्हीच म्हणाल, ‘हा तर खरा माणूस दिसतो.’ आणि खरा माणूस खऱ्या श्वासाने तेच खोटं बोलू शकतो, हे विसरायला नको. यूट्यूबने मार्च २०२४ पासून खऱ्यासारखा भासणारा कृत्रिम व्हिडिओ असेल तर तसं जाहीर करण्याची सक्ती केली आहे. खालचं वर्णन उघडलं की कधी कधी तसा शेरा दिसतो. पण तो सांगायचा बनवणाऱ्यानेच, म्हणजे चोराने आपणहून चौकीवर नाव नोंदवायचं. शेरा दिसला तर काम झालं. नाही दिसला तर त्याचा अर्थ काहीच नाही.

जास्त उपयोगी पडली ती दुसरी तपासणी. चॅनेलच्या नावावर दाबून माहितीत गेलो. देशाची जागा रिकामी. व्हिडिओ सर्वांत जुन्यापासून लावले, तर सुरुवातीला पोटदुखीवर घरगुती उपाय, मग क्रिकेट, मग एकाएकी मारियामातेचे अश्रू. तेच चित्र आणि तेच संगीत हिंदीत आणि तमिळमध्येही सापडलं, वेगवेगळ्या नावांच्या चॅनेलवर. मारियामाता एकाच रात्री तीन भाषांत, एकाच पार्श्वसंगीतावर, पोटदुखीवाल्याला दर्शन देते हे मानायला माझी श्रद्धा अपुरी पडते.

हे बनवतं कोण आणि कशासाठी, हे आईला सांगण्याआधी तुम्ही समजून घ्या. यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे मिळायला १००० सदस्य आणि वर्षभरात ४००० तास पाहिलं जाणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज. व्हिडिओ आठ मिनिटांहून मोठा असला तर मधेही जाहिराती घालता येतात. तुमच्या आईच्या चॅनेलवरचे व्हिडिओ दहा-अकरा मिनिटांचेच का आणि ‘शेवटपर्यंत पाहा, अर्ध्यात सोडलंत तर आशीर्वाद अडेल’ असं का म्हणतात, ते आता कळलं असेल. ४००० तास भरायला घाबरलेल्या माणसासारखं गिऱ्हाईक नाही, तो मधे उठत नाही. पूर्वी असा व्हिडिओ करायला लेखक, निवेदक, चित्रकार आणि माझ्यासारखा एक आवाजवाला लागायचा. आता एक पोरगा बसल्या जागी दिवसाला दहा काढतो. त्याला ना सैतान माहीत, ना मारियामाता. त्याला फक्त आलेख दिसतो, आणि काळोख टाकला की तो वर जातो.

२०२४ मध्ये फेसबुकवर कोळंबीचं अंग असलेल्या येशूची चित्रं फिरत होती आणि खाली लोक ‘आमेन’ लिहीत होते. स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी त्या वर्षी एआय-चित्रांवर गर्दी जमवणारी १२० फेसबुक पानं तपासली. काही निव्वळ जाहिरातींसाठी होती, काही सरळ फसवणुकीसाठी. मी एका कोळीवाड्यातल्या वर्गात ते चित्र दाखवलं, तर मागून एक मावशी म्हणाल्या, ‘कोलंबी ताजी नाय वाटत.’ एआय ओळखण्याची याहून चांगली पद्धत मला अजून सापडलेली नाही.

भीतीचं पत्र मात्र एआयने जन्माला घातलेलं नाही. रविवार न पाळणाऱ्यांना शाप देणारं, येशूने स्वतः लिहून आकाशातून टाकलेलं म्हणवणारं एक पत्र सहाव्या शतकापासून युरोपात फिरत होतं. इ.स. ७८९ मध्ये फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याने फर्मान काढलं की असल्या पत्रांवर विश्वास ठेवू नये, ती वाचू नयेत, जाळून टाकावीत. आपल्याकडे हेच काम पोस्टकार्डाने केलं, ‘अशी एकवीस पत्रं पाठवा, नाहीतर घरात विपरीत घडेल.’ देवाचं नाव घरोघरी बदलायचं, धमकी तीच. पोस्टकार्ड लिहिताना निदान हात दुखायचा, त्यामुळे बरीच पत्रं तिथेच थांबायची.

आईशी बोलताना हा इतिहास कामाला येणार नाही. बायबलमधलं प्रेषित पौलाचं थेस्सलनीकाकरांस दुसरं पत्र येईल. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच तो लिहितो, की प्रभूचा दिवस येऊन ठेपलाय असं सांगणारं पत्र जणू आमच्याकडूनच आलंय असं कुणी भासवलं, तरी एकदम चळून जाऊ नका, घाबरू नका. म्हणजे पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती लोकांच्या हातातच प्रेषिताच्या नावाचं बनावट पत्र पडण्याची धास्ती होती, आणि विषयही हाच, जगाचा शेवट! त्यावर पौलाने उपाय काय केला? तिसऱ्या अध्यायाच्या सतराव्या ओवीत तो म्हणतो, हा नमस्कार मी माझ्या हाताने लिहितोय, माझ्या प्रत्येक पत्राची हीच खूण. नाव आणि सही. (हे पत्र खुद्द पौलाचं की त्याच्या एखाद्या शिष्याचं यावर बायबलच्या अभ्यासकांत वाद आहे. गंमत आहे खरी. पण आईबरोबर त्यात शिरू नका.)

मजकुराबद्दल आता भराभर. तीन दिवसांच्या काळोखाची कथा धन्य आन्ना मारिया ताइजी या रोमच्या स्त्रीच्या नावाने सांगतात. त्या १८३७ मध्ये वारल्या, १९२० मध्ये चर्चने त्यांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं. व्यक्तीला धन्य म्हटलं म्हणजे तिच्या नावावर खपणाऱ्या प्रत्येक भाकितावर चर्चने शिक्का मारला असं होत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस वारले तेव्हा संत मलाकीच्या ‘शेवटचा पोप’ भाकिताला ऊत आला होता. मलाकी बाराव्या शतकातले, आणि त्यांच्या नावावरची पोपांची ती यादी पहिल्यांदा छापली गेली १५९५ मध्ये, चारशेहून अधिक वर्षांनी. ८ मे २०२५ ला नवे पोप लिओ चौदावे निवडून आले आणि भाकीतवाले पुढच्या तारखेकडे वळले.

६६६ हा आकडा बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण १३:१८ मध्ये आहे, पशूचा आकडा म्हणून. काही जुन्या हस्तलिखितांत तो आकडा ६१६ असा मिळतो, आणि बरेच अभ्यासक तो नीरो बादशहाच्या नावातल्या अक्षरांचा हिशेब मानतात. आधी तो बारकोडमध्ये दिसला, मग लसीत, आता आधारमध्ये. आधारचा नंबर १२ अंकी आणि दर माणसाला वेगळा. मुलांचे बोटांचे ठसे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी अपडेट करायचे असतात, नातीचं ते काम या वादात अडकवू नका, पुढे शाळेत खोळंबा होतो.

सातव्या मिनिटाला निवेदक ‘रॅप्चर’वर येतो, की निवडक लोक अचानक उचलले जाणार आणि बाकीचे मागे राहणार. तिथे मी व्हिडिओ थांबवला. ही मांडणी जॉन नेल्सन डार्बी या प्रोटेस्टंट उपदेशकाने १८३०च्या दशकात पुढे आणली. काही प्रोटेस्टंट मंडळ्यांत ती फार चालते, कॅथलिक शिकवणीत ती नाही. आता बघा, चित्र मारियामातेचं, गळ्यात जपमाळ आणि उपदेश डार्बीचा! कुठलाही पास्टर ते चित्र लावणार नाही, कुठलेही फादर तो उपदेश करणार नाहीत. दोन्ही घरांशी ज्याची ओळख नाही त्यानेच हे एका ताटात वाढलंय. एआयच्या धार्मिक मजकुरात ही भेसळ बऱ्याचदा असते, आणि आवाज कितीही सुधारला तरी ती लवकर जाणार नाही, कारण लिहून घेणाऱ्याला ती कळतच नाही. उच्चारांपेक्षा ही खूण पक्की, आणि ती पकडायला तुमच्या आईइतकी धर्मशिक्षण झालेली बाई तुमच्यापेक्षा जास्त लायक आहे.

याच रॅप्चरची २३-२४ सप्टेंबर २०२५ ही तारीख दक्षिण आफ्रिकेतल्या एका उपदेशकाच्या बोलण्यावरून टिकटॉकवर पेटली होती. भारतात टिकटॉकवर २०२० पासून बंदी, तरी रील्समधून ती आमच्या वर्गापर्यंत पोचलीच. २५ तारखेला अर्नाळ्याच्या बोटी नेहमीसारख्या समुद्रात होत्या. मार्क १३:३२ मध्ये येशू स्वतः सांगतो की तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही, पुत्रालाही नाही. तारीख सांगणारा येशूपेक्षा जास्त जाणतो असा त्याचा दावा आहे, इतकंच आईला म्हणा.

पोपच्या तोंडी घातलेल्या व्हिडिओंचं वेगळं प्रकरण आहे. पांढऱ्या फुगीर जॅकेटमधले पोप फ्रान्सिस २०२३ मध्ये जगभर फिरले, ते चित्र एआयचं होतं. २०२४ च्या संपर्क माध्यम दिनाच्या संदेशात त्यांनी स्वतःच लिहिलं की असल्या बनावटीचा विषय मीही झालो आहे. लिओ निवडून आल्यावर थोड्याच दिवसांत बुर्किना फासोच्या अध्यक्षांची स्तुती करणारं त्यांचं अर्ध्या तासाहून लांब बनावट भाषण यूट्यूबवर आलं आणि व्हॅटिकनला ते खोटं असल्याचं सांगावं लागलं. आपला एआय अवतार बनवण्याची कल्पना पुढे आली तेव्हा त्यांनी ती साफ नाकारली. पोप काही बोलले असं आईला कुणी पाठवलं, तर ते व्हॅटिकन न्यूजवर आहे का एवढं पाहा. तिथे नसेल तर विषय संपला.

दर्शनांचंही तसंच. मे २०२४ मध्ये व्हॅटिकनने कथित दर्शनांच्या चौकशीचे नवे नियम काढले. चौकशी त्या जागेच्या बिशपनी करायची आणि निर्णय जाहीर करण्याआधी रोमच्या धर्मसिद्धांत विभागाची मान्यता घ्यायची. रोमजवळच्या त्रेविन्यानोत अश्रू ढाळणाऱ्या मूर्तीचा खूप गाजावाजा झाला होता, तिथल्या बिशपनी मार्च २०२४ मध्ये त्यात अलौकिक काही नाही असं जाहीर केलं. म्हणून विचारायचं ते एवढंच, हे दर्शन कुठल्या गावी, कुठल्या धर्मप्रांतात, तिथले बिशप काय म्हणाले? तुमच्या व्हिडिओत गावच नाही. मग चौकशी करणार कोण? आणि मान्यता मिळालेलं खासगी दर्शनसुद्धा मूळ श्रद्धेत भर घालत नाही असं कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात परिच्छेद ६७ मध्ये स्पष्ट म्हटलंय.

किनाऱ्यावरच्या लोकांना मी हे बावट्यावरून सांगतो. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो तेव्हा तो कुणी लावला हे माहीत असतं, कुठल्या किनाऱ्यासाठी, कधीपर्यंत, आणि काय करायचं तेही, बोट काढू नका. वादळ गेलं की तो उतरतो. निसर्ग आणि तौक्ते वादळांच्या वेळी तो लागला आणि उतरलाही. तुमच्या आईच्या चॅनेलवरचा बावटा कधीच उतरत नाही. करायचं काय विचाराल तर, व्हिडिओ पुढे पाठवा, घंटा दाबा, दान करा.

आता आई. ‘असलं काही नसतं’ हे वाक्य चुकूनही बोलू नका. चर्च जगाच्या शेवटाबद्दल बोलतं, नाताळाआधीच्या आगमनकाळात तेच वाचलं जातं, राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून माती असल्याची आठवण देतं. तुम्ही उडवून लावलंत तर तिच्या मनात होईल की पुण्याला जाऊन मुलाची श्रद्धा गेली, आणि चॅनेलवाला म्हणतो तसंच घडतंय. तिच्या शेजारी बसून एक व्हिडिओ पूर्ण पाहा. मधे बोलू नका. मग विचारा, ‘आई, हा बोलणारा कोण गं?’ उत्तर तिला शोधू द्या. जुने व्हिडिओ तिच्याच बोटाने उघडायला लावा. पोटदुखीचा उपाय तिनेच पाहिला पाहिजे, तुम्ही सांगून उपयोग नाही.

आणि तिला खरी भीती कशाची आहे ते ऐका. माझ्या वर्गातल्या बहुतेक विधवा बायकांना काळोखाची भीती नसते. नवरा अचानक गेला, फादरांकडे शेवटचं पापनिवेदन झालं नव्हतं, तो आता कुठे असेल, हे त्यांना रात्री झोपू देत नाही. चॅनेलवाल्याला हे माहीत नाही, पण त्याच्या ‘शुद्धिस्थानातल्या आत्म्यांची हाक’ला (शुद्धिस्थान म्हणजे मेलेल्यांचे आत्मे स्वर्गाआधी शुद्ध होतात ती अवस्था) मिळणारे व्ह्यूज त्याला माहीत आहेत. बाबांच्या नावाने मिस्सा सांगा, २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, सुट्टी काढून तिच्याबरोबर कबरीवर जा. फादरांना घरी बोलवा, पण ‘आईला समजवा’ म्हणून नको. ‘बाबांसाठी प्रार्थनेला या’ म्हणा आणि विषय तिला काढू द्या. फादरांकडे माझी स्वतःची एक तक्रार आहे, की वेदीवरून मोबाइल वाईट म्हणणं सोपं, पण खासगी दर्शनांबद्दल चर्च काय मानतं हे एखाद्या रविवारी नीट सांगणारे कमी. ते मागून घ्या.

मोबाइल हिसकावू नका. तिच्या परवानगीने यूट्यूबचा पाहिल्याचा इतिहास पुसा, ऑटोप्ले बंद करा, असा व्हिडिओ समोर आला की तीन टिंबांतून ‘चॅनेलची शिफारस करू नका’ दाबा. मग मोकळ्या झालेल्या जागेत काहीतरी भरा, नाहीतर दोन आठवड्यांत तेच परत येईल. मराठी मिस्सा, जपमाळ, ओळखीच्या धर्मगुरूंची प्रवचनं मुद्दाम शोधून तिच्याकडून पाहून घ्या. व्हॉट्सॲपवर दोन बाणांची खूण दिसली तर तो संदेश पाच किंवा जास्त हातांतून आलाय आणि तिच्या बहिणीने तो लिहिलेला नाही, हे एकदा दाखवून ठेवा. रात्री नऊला तुम्ही फोन करा. तो आवाज त्याच वेळी सुरू होतो, म्हणून नऊला.

पैशांचं आजच करा. क्यूआर स्कॅन केल्यावर पैसे घेणाऱ्याचं नाव येतं, दोन्ही वेळचं नाव व्यवहारांच्या यादीत सापडेल. कॉन्व्हेंट किंवा ट्रस्टच्या जागी एखाद्या व्यक्तीचं नाव निघालं तर त्याचा फोटो आईला दाखवा आणि १९३० वर किंवा सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. रक्कम लहान असली तरी नोंदवा. आणि तिच्या यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ उघडून पाहा, कारण काही दानाच्या लिंकवर एकदा पिन टाकला की दर महिन्याची परवानगी दिली जाते आणि पुढचे पैसे न विचारता कापले जातात. तसं काही चालू दिसलं तर तिथूनच रद्द करता येतं, बँकेत जावं लागत नाही.